जिंकलेल्या प्रांतातले खलाशी

बेट: तुमचं.
माणसं: त्यांची.
अस्वस्थता: थोडी.

लॅपटॉपवर हे इंग्रजीत आलं, मी मराठीत वाचलं आणि खुर्चीतून उठून उभी राहिले. चिरागचं शेवटचं बेट माझं झालं होतं.

चिराग म्हणजे बाबूकाकांचा मुलगा. आमची वाडी पावसच्या खालच्या अंगाला, खाडीच्या तोंडाशी. खाडीच्या अलीकडे आमचं घर, पलीकडे त्यांचं. चिराग लांज्याला एका काजू कारखान्याच्या ऑफिसात आहे, रविवारी घरी येतो. आम्ही दोघं एक डाव खेळत होतो. जुन्या काळातला समुद्र, त्याच्या काठाने राज्यं, प्रत्येकाचं एक. मी माझी चाल खेळायची, ती त्याला पोचायची, मग त्याने त्याची खेळायची. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या आठवड्यात, जमेल तशी. दोन वर्षं चालला होता डाव. आमच्या बापांना पत्ता नव्हता. ते एकमेकांशी बोलत नसत. धक्क्यावर कोणाची बोट कुठे बांधायची यावरून कधीतरी बिनसलं ते बिनसलंच.

त्याच आठवड्यात बाबूकाकांनी त्यांची बोट विकली. गुडघे गेले होते आणि चिराग समुद्रावर जाणार नव्हता. घेतली कोणी, तर माझ्या पप्पांनी. मध्ये पावसचा एक दलाल होता. त्याच्या पडवीत दोघांनी एकमेकांच्या तोंडाकडे न बघता सह्या केल्या आणि आपापल्या वाटेने घरी गेले.

बोटीचं नाव ‘महापुरुष कृपा’. आमच्या पहिल्या बोटीचं ‘सागरकन्या’. आता आमच्या दोन झाल्या.

दोन्ही गोष्टी एकदम झाल्या म्हणून मी हसले होते. पुढे पुढे हसू येईना.

*

नियम, मला कळले तसे.

जिंकलेल्या प्रांतात तिथलेच शिपाई उभे करता येतात. माझ्या राज्यात चिलखती पायदळ होतं, दणकट आणि मंद. चिरागच्या बेटावर गोफणवाले होते. ते दुसरीकडे कुठेच तयार होत नाहीत. कितीही सोनं ओता, माझ्या राजधानीत एक गोफणवाला उभा राहणार नाही. त्यासाठी बेटच घ्यावं लागतं.

बेट घेतलं की एक बटण येतं. दाबलं की माणसं येतात. विचारावं लागत नाही.

त्यांचा पोशाख त्यांचाच राहतो. ढालीचा रंग तेवढा तुमचा होतो.

त्यांना त्यांच्याच मुलखावर पाठवू नये.

त्यांचा नायक बदलू नये. बदललात तर

(हा नियम मी एकदा मोडून पाहिला होता. वाक्य तिथेच सोडते.)

*

बोटीबरोबर तिचे खलाशीही यावेत असं ठरलं होतं. म्हणजे पप्पांनी ठरवलं होतं. महापुरुष कृपाचा तांडेल मोरूतात्या, साठीचा, बोट चालवणारा आणि मासा कुठे आहे ते सांगणारा. त्याच्या हाताखाली पलीकडच्या वाडीतली सहा माणसं. भर पावसात एकदा सगळे आमच्याकडे चहाला आले. ओळीने बसले, बशीतून प्याले.

“येणार ना?” पप्पांनी विचारलं.

“बोट जाईल तिकडं आमी,” मोरूतात्या म्हणाला.

“मग झालं तर.”

“झालं,” मोरूतात्या म्हणाला, आणि निघताना दारात असा थांबला की अजून कोणीतरी काहीतरी बोलणार आहे. कोणी बोललं नाही. ते गेले.

पप्पा खूश होते. मीही. रात्रीच्या जेवणाला मी म्हटलं, “पप्पा, तुम्ही गोफणवाले मिळवलेत.”

“काय मिळवलं?”

“काही नाही. जेवा.”

*

मासेमारीवरची बंदी उठायला थोडे दिवस राहिले. पावसाळाभर काठावर ओढून ठेवलेल्या बोटींवरच्या ताडपत्र्या निघाल्या, रंगाचे डबे आले. सागरकन्येवर आमचे सगळे हजर. लवूदादा, आमचा तांडेल, वरून ओरडून सगळ्यांना कामाला लावत होता. शेजारी महापुरुष कृपा एकटी उभी. कोणीही आलं नाही.

पप्पांनी फोन लावला. “मोरू, अरे येतोस ना?”

“येतंव, येतंव,” मोरूतात्या म्हणाला. मागे माणसं हसत होती, भांडी वाजत होती.

दुसऱ्या दिवशीही येतंव, येतंव.

तिसऱ्या दिवशी मी शिडी लावून त्या बोटीवर चढले. केबिनमध्ये चाकाच्या वर लाकडी देव्हारा होता, हाताच्या ओंजळीएवढा. कुंकवाचे डाग होते, वाळलेलं एक फूल होतं. देव नव्हता.

आमच्या बोटीत देवीची तसबीर आहे, चार स्क्रूंनी बसवलेली. बारा महिने तिथेच असते. त्यामुळे रिकामा देव्हारा बघून माझ्या मनात एकच गोष्ट आली. खलाशी बोट सोडून गेले आणि जाताना देव घेऊन गेले.

मी खाली उतरले आणि पप्पांना बाजूला घेऊन सांगितलं.

“आईला बोलू नको,” ते म्हणाले. “घाबरेल ती.”

*

बेट: तुमचं.
माणसं: त्यांची.
अस्वस्थता: वाढते आहे.

डावातही असंच चाललं होतं. चिरागने बेट गेल्यापासून चाल खेळली नव्हती. पडद्यावर रोज तेच: समोरच्या खेळाडूची वाट पाहत आहोत. इतके दिवस त्याने कधीच लावले नव्हते. ताप असताना खेळला होता, बहिणीच्या हळदीला मांडवामागे उभा राहून खेळला होता.

मी मेसेज केला: खेळ ना रे.

दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.

म्हणजे बाबूकाकांच्या घरात आमच्याबद्दल काहीतरी बोललं जात होतं. म्हणजे खलाशांनाही सांगितलं गेलं होतं. म्हणजे

*

जे होणार होतं ते सांगते, कारण पप्पांनी ते कोणालाच सांगितलं नव्हतं. पहिल्या फेरीला जी बोट काठाला राहते तिची माणसं दुसरे मालक उचलतात. मग ती बोट वर्षभर उभी. नवे खलाशी या दिवसांत मिळत नाहीत, सगळ्यांचं ठरून गेलेलं असतं. खाडीतली प्रत्येक बोट बाहेर पडताना बघणार की महिपतने, म्हणजे पप्पांनी, बाबूची बोट घेतली आणि महिपतला ती हलवता येईना. पप्पा जेवायचे कमी झाले होते. बोट आल्यापासून धक्क्यावरून ताठ चालायचे, ते आता मागच्या वाटेने येऊ लागले.

“आपली तीन माणसं तिकडे टाकतो,” ते एकदा म्हणाले. “लवूला तिकडे तांडेल करतो. त्यांची अर्धी इकडे, आपली अर्धी तिकडे. मिसळून टाकायची सगळी.”

“नको,” मी म्हटलं. “त्यांचा नायक बदलायचा नाही. बंड होतं.”

“कुणी सांगितलं तुला?”

“गेममध्ये असतं.”

“तुज्या गेममधला राजा कधी जाळं ओढायला गेला होता काय गो?”

“नाही. पण त्याचं राज्य तुमच्यापेक्षा मोठं आहे.”

पप्पा हसले. चार दिवसांत पहिल्यांदा. तेवढ्यावर मला जोर आला आणि मी माझं डोकं चालवलं. तिथेच चुकलं.

*

ढालीचा रंग तेवढा तुमचा होतो.

मी रत्नागिरीला जाऊन टी-शर्ट छापून आणले. आमच्या बोटीचा निळा रंग, पाठीवर पांढऱ्या अक्षरात ‘महिपत’ आणि खाली मासा. मासा पापलेट म्हणून काढायला सांगितला होता, तो हलवा नावाच्या माशासारखा आला होता. पिशवी घेऊन तरीने, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीने, पलीकडे गेले. मोरूतात्या त्याच्या घराच्या पायरीवर जाळ्याचा एक फाटका कोपरा विणत होता.

“तात्या, हे तुम्हा सगळ्यांना.”

त्याने एक उघडून बघितला. पाठीवरचं नाव वाचलं. मासा निरखला.

“हलवा काय गो हा?”

“पापलेट आहे.”

“आसू दे.” त्याने टी-शर्टाची घडी घातली, पहिली होती तशीच, कडेला कड लावून. “चांगला हाय. ठेवतंव.”

“घालून बघा ना.”

“घालू की. वेळ आली की घालू.”

“कधी येताय बोटीवर?”

“येतंव, येतंव.”

मी त्याला देवाबद्दल विचारणार होते. तोंडापर्यंत आलं होतं. पण चोरी केलीत का असं कसं विचारायचं, म्हणून मी पाणी मागितलं, प्यायले आणि परत आले.

*

इथे आईचं बोलणं यायला हवं होतं. पण तिला आम्ही काही सांगितलंच नव्हतं. ती सकाळी सुकटीची पाटी घेऊन पालीच्या बाजाराला जायची, संध्याकाळी रिकामी पाटी घेऊन यायची, आमची तोंडं बघायची आणि चूल पेटवायची.

*

नारळी पौर्णिमा झाली. समुद्राला नारळ दिला. दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी भरलं की पहिली फेरी निघणार होती. बर्फ सांगून ठेवला होता, दोन बोटींचा. महापुरुष कृपा लोकांनी ढकलून पाण्यात घातली होती, तिला रंग आमच्याच माणसांनी लावला होता. पप्पा ओट्यावर बसून होते आणि त्यांच्या हातातला चहा गार झाला होता.

दुपारी लॅपटॉप वाजला.

चिरागने चाल खेळली नव्हती. डावातल्या निरोपाच्या चौकटीत लिहिलं होतं:

चाल खेळलो की मी संपतो, म्हणून खेळत नव्हतो. माझ्याकडे एक होडी आणि एक म्हातारा सेनापती उरलाय. ते जाऊ दे. तुम्ही देव मागायला येणार आहात की नाही? इथे पप्पांनी तोंड फुगवलंय आणि मोरूतात्या आणि सगळे आमच्या पडवीत बसून माझ्या आईचं डोकं खातायत. रविवारचं मटण संपवलं त्यांनी.

मी ते मोठ्याने वाचलं. पप्पांना ऐकू जावं म्हणून. आई आत तांदूळ निवडत होती, तिलाही गेलं.

सूप घेऊनच ती बाहेर आली. “कुठला देव?”

पप्पांनी माझ्याकडे बघितलं, मी लॅपटॉपकडे.

“कुठला देव म्हणते मी.”

“बाबूच्या बोटीतला,” पप्पा म्हणाले. “देव्हारा रिकामा हाय. खलाशांनी नेला.”

“खलाशांनी कशाला नेतायत?” आई म्हणाली. “पलीकडच्यांत बोट काठाला लागली की देवाचा टाक मालकाच्या घरी येतो. पावसाळाभर घरात राहातो. बोट निघायची झाली की मालक घेऊन जातो. बोट दुसऱ्याकडं गेली तर दुसऱ्याने जाऊन बोलवायचा. नारळ घेऊन. त्याशिवाय कसा येईल? आणि तो आला नाय तर त्याची माणसं कशी येतील?”

“तुला कसं माहीत?” मी विचारलं.

“माझं माहेर कुठलं गो?”

पलीकडचं. मला लहानपणापासून माहीत होतं. सुट्टीत दर वेळी तरीने तिकडे जायचो.

“मग बोलली का नाहीस?” पप्पा म्हणाले.

“मला कुणी इचारलंत?”

सुपातले खडे तिने अंगणात टाकले.

*

पप्पा जायला तयार होईनात.

“बोट मी घेतली. सही झाली. आता मी त्याच्या दारात जाऊन मागू?”

“बोट घेतलीत,” आई म्हणाली. “देव नाय घेतलात.”

“देव काय वेगळा घ्यायचा असतो?”

“घ्यायचा नसतो. बोलवायचा असतो.”

“बाबूने स्वतः आणून द्यायचा. माणुसकी आहे की नाही?”

“न बोलावता कुणी कुणाच्या घरी देव नेऊन टाकतो काय? तुमच्या दारात आणून ठेवला असता तर म्हणाला असतात, बाबूने करणी केली.”

पप्पा हे खरंच म्हणाले असते. त्यांनाही ते पटलेलं दिसलं, कारण ते उठून शर्ट शोधू लागले. आईने पिशवीत नारळ घातला, उदबत्तीचा पुडा घातला, वर विड्याची चार पानं. माझ्या हातात पिशवी दिली.

“तू पण जा. हे तिकडं जाऊन भलतंच बोलतील.”

*

बाबूकाकांची पडवी. मी ती इतक्या वर्षांत फक्त चिरागच्या फोनच्या कॅमेऱ्यातून बघितली होती, त्याच्या डोक्यामागे.

सातही जण बसलेले. मोरूतात्या खांबाला टेकून. समोर ताटं, भाकरीचे तुकडे, कांदा. आम्ही पायरीवर आलो तसे सगळे चावायचे थांबले.

बाबूकाका आतल्या दारात खुर्चीवर. पाय लांब केलेले, गुडघ्यांना तेल.

“ये,” ते म्हणाले. माझ्याकडे बघून.

“मी पण आलोय,” पप्पा म्हणाले.

“दिसतंय.”

“कसे आहेत गुडघे?”

“हायत. बोट कशी हाय?”

“आहे.”

“रंग काय दिलास तिला? पोरं सांगतायत निळा दिलास.”

“पट्टा फक्त. बाकी तुझाच ठेवलाय.”

बाबूकाकांनी मोरूतात्याकडे बघितलं. मोरूतात्याने मान हलवली, खरं आहे म्हणून. म्हणजे तो येऊन बघून गेला होता, आम्हाला न कळता.

चिराग सणाला घरी आलेला, आत उभा होता, त्याने मला खूण केली: पिशवी. मी पप्पांना पिशवी दिली. पप्पांनी नारळ बाहेर काढला आणि तो धरून उभे राहिले, शेंडी कुठल्या बाजूला करायची ते सुचत नसल्यासारखे.

“बाबू,” ते म्हणाले, “चुकलं माझं. मला म्हाईत नव्हतं. आमच्याकडं स्क्रूने बसवलेला असतो.”

खलाशांतला एक हसला. दुसऱ्याने त्याला ढोसलं आणि तोही हसला.

“बोट मी विकली,” बाबूकाका म्हणाले. “देव विकला नाय.”

“विकत मागत नाय. बोलवायला आलोय.”

“सांभाळशील?”

“मी काय सांभाळणार? तो सांभाळेल. मी दिवा लावीन.”

बाबूकाका खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठू लागले. पप्पा पुढे झाले. त्यांनी दंड धरला. बाबूकाकांनी तो झटकला नाही. दोघं आत देवघरात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मग बाबूकाकांचा आवाज आला: “हळू धर मेल्या, तो काय बर्फाचा खोका हाय?”

मोरूतात्याने ताटातला शेवटचा तुकडा तोंडात टाकला आणि उभा राहिला. “चला रे,” तो म्हणाला. “डिझेल भरायचं हाय.”

“तात्या,” मी म्हटलं, “तुम्ही मला सांगायचं तरी.”

“काय सांगायचं? देव मागा असं आमी सांगायचं? मग तो तुमी मागितला कसा व्हईल?” तो पायरी उतरला. “चहाला बोलावलं होतंत तेव्हा थांबलो होतो की मी दारात.”

*

पहाट. पाणी भरलेलं.

महापुरुष कृपाच्या केबिनमध्ये महापुरुषाचा चांदीचा टाक, काड्यापेटीएवढा, झिजून चेहरा गुळगुळीत झालेला. त्याच्यापुढे दिवा. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, हार. खलाशी ओळीने उभे आणि सातही जणांच्या अंगात निळे टी-शर्ट. मोरूतात्याच्या पाठीवर ‘महिपत’ ताणून बसलं होतं.

बाबूकाकांना खुर्चीसकट होडीत घालून आणलं होतं. गाऱ्हाणं त्यांनीच घालायचं असं पप्पा म्हणाले.

“हे बा महापुरुषा, हा नारळ तुज्या पायाशी ठेवलाय, तो मान्य करून घे रे महाराजा.”

“व्हय महाराजा,” सगळे.

“बोट बाबूची होती ती आता महिपतची झाली. तुजी होती ती तुजीच हाय रे महाराजा.”

“व्हय महाराजा.”

पप्पांचं व्हय थोडं मागून आलं, पण सगळ्यांत मोठं आलं.

“ही पोरं जशी नेशील तशी घरी आण रे महाराजा.”

“व्हय महाराजा.”

नारळ फुटला. इंजिन सुरू झालं. धूर आला, गेला, आवाज एका लयीत बसला. पप्पांनी खांदे खाली सोडले. इतके दिवस ते कानापर्यंत चढलेले होते हे मला ते उतरल्यावर कळलं.

“बाबू, उतर आता,” पप्पा म्हणाले. “होडी लावतो.”

“खाडीच्या तोंडापर्यंत येतो.”

“गुडघे?”

“गुडघ्यांनी बोट चालवतात काय?” बाबूकाकांनी खुर्ची केबिनला टेकवून घेतली. मग सातही पाठींकडे एकेक करून बघितलं. “आणि मला नाय काय रे एक?”

माझ्याकडे जास्तीचा एकच होता, लवूदादासाठी काढून ठेवलेला, लहान मापाचा. तो मी धक्क्यावरून फेकला. बाबूकाकांनी सदऱ्यावरूनच घातला. पोटापाशी अडकला, मोरूतात्याने मागून खेचून खाली आणला. पाठीवर ‘महिपत’ आणि तो मासा.

“हलवा चांगला काढलाय,” बाबूकाका म्हणाले.

पप्पा हसताना मला दिसले. ते सागरकन्येवर जायचे होते. गेले नाहीत. तिथेच, बाबूकाकांच्या खुर्चीशेजारी, पालथ्या टोपलीवर बसले. लवूदादाने सागरकन्येवरून हात हलवून विचारलं, मी निघू का? पप्पांनी हातानेच सांगितलं, नीघ.

दोन्ही बोटी बाहेर पडल्या. पाण्यावर डिझेलचा वास राहिला.

*

घरी येऊन मी लॅपटॉप उघडला. चिरागने अजून चाल खेळली नव्हती. त्याचा म्हातारा सेनापती होडीत बसून होता, माझ्या बंदराच्या बाहेर. खेळात हरलेल्या राजाचं काय करायचं याला बटण नाही. तो नाहीसा होतो, एवढंच. मी बटणांची यादी वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचली, कुठे काही राहिलंय का म्हणून. नव्हतं.

मी निरोपाच्या चौकटीत लिहिलं: खेळ आता. तुझ्या म्हाताऱ्याला माझ्या बंदरात येऊ दे. मी हल्ला करत नाही.

तो म्हणाला: नक्की?

मी म्हटलं: नारळ घेऊन येऊ का?

त्याने हसण्याचे तीन चेहरे पाठवले आणि चाल खेळला. होडी आत आली. मी माझी चाल रिकामी सोडली, काहीही न करता पुढे ढकलली, आणि आईला चहा ठेवायला सांगितला. ती म्हणाली, तू ठेव. मी ठेवला.